सांगून नव्हे, ओळखून दिलेल्या अल्बमांबद्दल: एक जाहीर आभारपत्र

आदरणीय दादा,

सप्रेम सलाम.

हे पत्र तुमच्या घरी येऊन हातात देता आले असते. ते जाहीरपणे लिहिण्याचे कारण असे की, तुम्ही मला ज्या अल्बमांची ओळख करून दिलीत त्यांची नावे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहेत, आणि तुमचे आभार मानताना ती चार नव्या कानांवर पडली तर तुम्हाला शाल-श्रीफळापेक्षा त्याचा अधिक आनंद होईल, हे मी जाणते. तुमचे नाव मात्र तुमच्या इच्छेप्रमाणे लिहीत नाही.

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढलेल्या माझ्या पिढीला ख्रिस्ती संगीत म्हणजे काय हे माहीत होते, असे आम्ही समजत होतो. रविवारच्या उपासनेत 'उपासना संगीत'मधील गीते होती, घरी आजीच्या तोंडी रेव्हरंड टिळकांची भजने होती आणि तरुण संघात परदेशातून आलेली, मोठ्या व्यासपीठांवर गायली जाणारी इंग्रजी स्तुतिगीते होती. यापलीकडे, विश्वास न सोडता शंका मोठ्याने उच्चारणारे, गिटारच्या गदारोळात प्रार्थना करणारे आणि कधीकधी प्रार्थना जमत नाही असे सरळ सांगणारे रॉक संगीत अमेरिकेत गेली कित्येक दशके तयार होत आहे, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. तुम्ही नोकरीनिमित्त तिकडे राहत असताना इलिनॉयमधल्या बुशनेल गावाजवळ भरणाऱ्या कॉर्नरस्टोन महोत्सवाला जात असत. शिकागोच्या 'जीझस पीपल यूएसए' या समुदायाने 1984 मध्ये सुरू केलेला आणि 2012 पर्यंत चाललेला तो महोत्सव म्हणजे या संगीताचे जणू माहेरच होते. तेथील तंबूंमधून तुम्ही जे ऐकले आणि सीडींच्या रूपाने परत आणले, त्याचा वाटा तुम्ही आम्हाला दिलात.

हे अल्बम अप्रसिद्ध का राहिले, याचे तुम्ही दिलेले उत्तर मला आजही पटते. ते प्रामुख्याने ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांतून विकले जात, त्यामुळे रॉक ऐकणारा सर्वसाधारण श्रोता त्यांच्यापर्यंत पोहोचत नसे. आणि त्या दुकानांत येणाऱ्या गिऱ्हाइकाला हवा असलेला दिलासा त्यांत नसे, त्यामुळे ते तिथेही मागे पडत. दोन्ही दारांशी थांबलेल्या या कलावंतांनी मग आपसातच एकमेकांना धरून ठेवले.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहिण्यास बसले, ती सांगते. आमचे बाळ जन्मापूर्वीच गेले, त्या दिवसांत घरी येणारे प्रत्येक जण काही ना काही बोलत होते. देवाची योजना असते, पुन्हा होईल, तू अजून तरुण आहेस, असे सारे प्रेमानेच बोलले जात होते, पण मला त्यातले एकही वाक्य पेलवत नव्हते. तुम्ही वहिनींबरोबर आलात, चहा घेतलात, फारसे बोलला नाहीत आणि निघताना एक सीडी टेबलावर ठेवलीत. 'द क्वायर' या कॅलिफोर्नियातील बँडचा 1988 चा 'चेस द कँगरू' हा तो अल्बम. आत वहीच्या कागदाची घडी होती आणि तिच्यावर तुमच्या तिरक्या अक्षरात एवढेच होते: 'सॅड फेस. उपदेशक 7:3. घाई नाही.'

या बँडची बहुतेक गीते त्यांचे ड्रमवादक स्टीव्ह हिंडलाँग लिहितात आणि डेरी डॉहर्टी ती गातात. हिंडलाँग दांपत्याने नैसर्गिक गर्भपातात आपले मूल गमावले होते आणि 'सॅड फेस' हे गाणे त्या दुःखातून आलेले आहे. हसण्यापेक्षा खेद बरा, कारण उदास चेहऱ्याने हृदय सुधारते, या बायबलमधील 'उपदेशक' पुस्तकातल्या वचनाचा त्याला आधार आहे. परंतु ते वचन तिथे उपदेश म्हणून येत नाही, तर रडणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून कोणीतरी हळूच म्हणावे तसे येते. गाण्यात दुःखाचे कारण सांगितलेले नाही आणि ते लवकर सरावे अशी घाईही नाही. डॉहर्टींचा आवाज मुळातच हलका आहे आणि त्यांची गिटार इतक्या प्रतिध्वनींत भिजलेली असते की एक सूर संपण्यापूर्वी दुसरा त्यात मिसळतो. ते गाणे मी किती वेळा ऐकले ते सांगता येणार नाही. मला रडू देणारे पहिले ख्रिस्ती गाणे ते होते, एवढे मात्र खात्रीने सांगते.

त्याहूनही मोठ्या एका गोष्टीचे ऋण माझ्यावर आहे आणि ते मला फार उशिरा कळले. त्यानंतर तुम्ही मला त्याच बँडचा 1990 चा 'सर्कल स्लाइड' दिलात. मधला, 1989 चा 'वाइड-आइड वंडर' तुम्ही वगळलात. तो तुमच्याकडे नसेल असे मी धरून चालले होते. पुढे तुमच्या कपाटात तो दिसला आणि माहिती वाचल्यावर उलगडा झाला. हिंडलाँग यांच्या घरी मुलगी जन्मली, त्या आनंदाने तो अल्बम भरलेला आहे. तान्ह्या बाळाकडे पाहताना बापाला वाटणारे नवल त्यात जागोजागी आहे. तो सुंदर आहे आणि त्या काळात तो माझ्या हाती पडला असता तर मी पुन्हा या बँडकडे वळले नसते. मी स्वतः मागेपर्यंत तुम्ही तो दिला नाहीत, आणि दिलात तेव्हाही त्याबद्दल एक शब्द बोलला नाहीत. संगीताची शिफारस करणारे पुष्कळ भेटतात, त्यांना स्वतःला आवडलेले ते सर्वांना ऐकवायचे असते. समोरच्या माणसाला आज काय ऐकवू नये याचा विचार करणारे माझ्या पाहण्यात तुम्ही एकटेच.

'सर्कल स्लाइड'बद्दल मात्र येथे वाचणाऱ्यांसाठी थोडे सविस्तर लिहिते, कारण या प्रांतात नव्याने येणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी, असे माझे मत आहे. शीर्षकगीत हे पहिलेच आणि चांगले लांब आहे. ते घाईने कुठे पोहोचत नाही. डॅन मायकल्स यांचा सॅक्सोफोन आणि लिरिकॉन, म्हणजे फुंकून वाजवायचे इलेक्ट्रॉनिक वाद्य, गिटारच्या धुक्यातून असा वर येतो की कोणता आवाज कोणत्या वाद्याचा हे काही काळ कळतच नाही. 'रिस्टोअर माय सोल'मध्ये तेविसाव्या स्तोत्राची आळवणी आहे, पण हिरव्या कुरणांत विसावलेल्याची नव्हे, तिथवर अजून न पोहोचलेल्याची. हा अल्बम रात्री, दिवे कमी करून, सलग ऐकावा.

तुम्ही लावलेली दुसरी सवय म्हणजे सीडीच्या पुस्तिकेतील बारीक अक्षरे वाचण्याची. निर्माता कोण, ध्वनिमुद्रण कोठे झाले, पाहुणा वादक कोण, हे पाहत गेल्यावर पुढचा अल्बम आपोआप सापडतो, असे तुम्ही म्हणत असत. त्या बारीक अक्षरांत मला जीन युजीन हे नाव वारंवार दिसू लागले. कॅलिफोर्नियातील हंटिंग्टन बीच येथे 'ग्रीन रूम' नावाचा त्यांचा स्टुडिओ होता आणि या वर्तुळातील कितीतरी बँडची कामे तिथे झाली. त्यांचा स्वतःचा बँड 'ॲडम अगेन'. त्यांच्या 1990 च्या 'होमबॉइज'मध्ये सोल गायक मार्विन गे यांच्या 'इनर सिटी ब्लूज'ची त्यांनी केलेली आवृत्ती आहे आणि त्यावरून त्यांचा कान कोणत्या संगीतावर घडला होता ते कळते: रॉकच्या खाली सदैव फंकचा ठेका चालू असतो. पण खरा अल्बम 1992 चा 'डिग'. 'रिव्हर ऑन फायर' या त्यातील गाण्यात क्लीव्हलँडजवळच्या कायहोगा नदीचे रूपक आहे. कारखान्यांच्या तेलकट सांडपाण्यामुळे त्या नदीने अनेकदा पेट घेतला होता आणि 1969 ची आग तर देशभर गाजली. पाण्यालाच आग लागावी, हे चित्र युजीन यांनी दोन माणसांमधल्या विस्कटत चाललेल्या नात्यासाठी वापरले. त्यांच्याबरोबर गाणाऱ्या रिकी मिशेल या त्यांच्या पत्नी होत्या आणि पुढे दोघे विभक्त झाले, हे कळल्यानंतर ते गाणे ऐकणे अधिकच जड जाते. मार्च 2000 मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, युजीन त्याच स्टुडिओत मरण पावले.

त्याच धाग्याने मी 'स्टारफ्लायर 59'पर्यंत आले. जेसन मार्टिन यांच्या या बँडचा 1994 चा पहिला अल्बम चंदेरी आणि 1995 चा दुसरा सोनेरी मुखपृष्ठाचा. दोन्हींत गिटारचा आवाज भिंतीसारखा उभा आणि त्यामागे पुटपुटल्यासारखे गाणे. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातील त्यांच्या कामावर युजीन यांचा हात आहे. युजीन यांच्या मृत्यूनंतर, 2001 मध्ये, आलेला 'लीव्ह हिअर अ स्ट्रेंजर' टेरी स्कॉट टेलर यांनी घडवला आणि तो मोनोमध्ये आहे. दोन्ही कानांत तोच आवाज येत असल्यामुळे सगळी वाद्ये एका जागी दाटीने उभी असल्यासारखी वाटतात आणि मार्टिन यांचा एकाकी स्वर मधोमध राहतो. हेडफोन लावून तो अल्बम ऐकण्यास तुम्ही मला मुद्दाम सांगितले होते. ते का, हे पहिल्याच गाण्यात कळले.

टेलर यांचा मूळ बँड 'डॅनियल एमस'. कंट्री रॉकपासून सुरू होऊन न्यू वेव्हपर्यंत गेलेल्या या बँडचे सर्व अल्बम मला सारखेच भावले असे नाही, पण 1987 चा 'डार्न फ्लोअर – बिग बाइट' हा मी या संपूर्ण परंपरेतील सर्वांत धाडसी अल्बम मानते. कॅलिफोर्नियात खुणांची भाषा शिकवलेल्या कोको या गोरिलाने केलेल्या भूकंपाच्या वर्णनावरून त्याचे शीर्षक घेतलेले आहे. आपल्या हाती असलेल्या तुटपुंज्या शब्दांनी देवाचे वर्णन करणारी माणसे तिच्याहून फार वेगळ्या स्थितीत नाहीत, हा त्या अल्बमचा गाभा. वाकड्यातिकड्या, टोचणाऱ्या गिटारी आणि टिम चँडलर यांचा कुठेही वळणारा बास यांमुळे तो पहिल्या ऐकण्यात त्रास देतो. तो फारसा विकला गेला नाही. त्याला वेळ द्यावा, अशी वाचकांना माझी मनापासून विनंती आहे.

एका बाबतीत तुमचे आणि माझे जमले नाही आणि अजूनही जमणार नाही. सॅक्रामेंटोच्या 'द सेव्हन्टी सेव्हन्स'चा 1984 चा 'ऑल फॉल डाउन' तुम्ही सर्वांच्या वर ठेवता. माइक रो यांची गिटार अप्रतिम आहे यात वाद नाही. परंतु माझ्या मते त्यांचा 1987 चा, आयलंड कंपनीने काढलेला, बँडच्याच नावाचा अल्बम अधिक सलग आहे. त्याच वर्षी त्याच कंपनीने यू2 चा 'द जोशुआ ट्री' बाजारात आणला आणि त्या लाटेत हा अल्बम कोणाच्या लक्षातच राहिला नाही. पुढे रो, टेलर, युजीन आणि डॉहर्टी या चौघांनी मिळून 'लॉस्ट डॉग्ज' सुरू केला, त्याचा 1992 चा 'सीनिक रूट्स' मात्र आपण दोघेही एकमताने वाखाणतो.

तरुण संघाच्या संध्याकाळी तुम्ही यांपैकी काही गाणी लावलीत तेव्हा मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी हा गोंगाट उपासनेला शोभत नाही असे म्हटले होते. तुम्ही आवाज चढवला नाहीत. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणाऱ्या टिळकांनी टाळ-मृदंग आणि अभंग ख्रिस्ती भक्तीत आणले तेव्हा ते रूपही कित्येकांना नवेच होते, याची तुम्ही आठवण दिलीत. आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र उघडून, अंधारातच संपणारी ती प्रार्थना पवित्र शास्त्रात आहे, हे वाचून दाखवलेत. त्या ज्येष्ठांना गाणी आवडली नाहीत, पण ते शेवटपर्यंत बसून राहिले. तुमच्याबद्दलचा माझा आदर त्या संध्याकाळी दुणावला.

आता हे ऐकण्यासाठी कोणाच्या सामानातून सीडी येण्याची वाट पाहावी लागत नाही. 'द क्वायर' आणि 'स्टारफ्लायर 59' बँडकॅम्प या संगीत विकणाऱ्या संकेतस्थळावर आहेत, आणि तेथे विकत घेतल्यास पैशाचा मोठा भाग कलावंताला मिळतो. 'डॅनियल एमस'चा 2013 चा अल्बम तर श्रोत्यांनी किकस्टार्टरवर आगाऊ पैसे दिल्यामुळेच निघाला. ज्यांना हे संगीत आवडेल त्यांनी शक्य तेव्हा ते विकत घ्यावे.

शेवटी, इतक्या वर्षांनंतर प्रथमच एक शिफारस तुम्हाला उलट करण्याचे धाडस करते. जॉर्जियातील टोकोआ गावच्या 'लक्झरी' या बँडचा पहिला अल्बम 1995 चा. पुढे त्यातील तिघे ऑर्थोडॉक्स पाळक झाले आणि तरीही बँड चालू राहिला. 2019 मध्ये त्यांचा 'ट्रॉफीज' आला. तुमच्या कपाटात तो मला दिसला नाही. येत्या रविवारी उपासनेनंतर तो घेऊन येते. वहिनींना चहाचे आधी सांगून ठेवावे.

आपली ऋणी,
तरुण संघातील एक धाकटी बहीण