बंदूक-सफाईच्या संचातल्या दोन सारख्या बाटल्या

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बारा बोअर बंदुकीच्या सफाई संचाबाबत तक्रार

महोदय,

गेल्या महिन्यात तुमचा सफाई संच मी 1,450 रुपयांना मागवला. बिलाची प्रत सोबत जोडली आहे. बंदूक माझ्या वडिलांची, दुनळी. मुरबाडच्या शेतात रानडुकरांपासून पीक राखायला त्यांनी घेतली होती. परवाना आता माझ्या नावावर आहे. मी 17 वर्षं फौजेत होतो, हत्यार साफ करणं मला नवं नाही.

खोक्यात दोन बाटल्या होत्या, एक काजळी विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटची आणि एक गंज रोखणाऱ्या तेलाची. दोन्ही पांढऱ्या, झाकणंही दोन्हींची काळी. एक बाटली वाटेतच गळली होती आणि त्या ओलीने दोन्हींच्या कागदी लेबलांवरची शाई पुसली गेली होती. वास दोन्हींना रॉकेलसारखाच. मी अंदाजाने एक निवडली आणि तिथेच चुकलो. नळीतून फिरवलेली चिंदी आधी काळी निघाली, मग करडी. पण पांढरी काही होईना, कारण सॉल्व्हंट समजून मी तेलच फिरवत होतो. शेवटी तेल म्हणून जो हात दिला, तो सॉल्व्हंटचा. ठाण्यातला जुलै महिना, हवेत ओल. चार दिवसांनी नळ्या सुट्या करून उजेडाकडे धरल्या, तर आत तांबूस ठिपके दिसले. ओली चिंदी दस्त्यावर जिथे टेकली होती, तिथलं पॉलिश चिकट होऊन उडालं आहे. त्या दस्त्यावर वडिलांचा हात चाळीस वर्षं फिरला होता.

पण त्याहून मोठी गोष्ट तुमच्या सूचनापत्रकाची. ते फक्त इंग्रजीत आहे, आणि बंदूक आधी रिकामी करा हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही! फौजेत उस्ताद चिंदी हातात देण्याआधी हेच करून घ्यायचे : हत्यार उघडा, चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा. घरी मी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवतो आणि मगच सफाईचा गज हातात घेतो. नव्या परवानाधारकाला हे कोण सांगणार? बाटलीवर ज्वलनशील असल्याची खूणही नाही. पावसात फ्लॅटच्या खिडक्या बंद असतात, देवघरात समई पेटलेली असते. काजळीत शिसं असतं, म्हणून हातमोजे घालावेत, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि बार काढण्याआधी कोरडी चिंदी फिरवून नळीतलं तेल टिपून घ्यावं, यातलं एक अक्षर पत्रकात नाही.

माझे पैसे परत करा आणि गंज काढण्याचा व दस्त्याच्या पॉलिशचा खर्च द्या. बाटल्यांची झाकणं वेगवेगळ्या रंगांची करा आणि नावं प्लास्टिकवरच छापा. पत्रक मराठी-हिंदीतही द्या. त्याची पहिली ओळ बंदूक रिकामी करण्याची असावी. हे होईपर्यंत उरलेले संच विकू नका.

15 दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करीन. दोन्ही बाटल्या आणि ठिपक्यांचे फोटो मी जपून ठेवले आहेत.

आपला,
वर्तकनगर, ठाणे येथील एक ग्राहक