पिवळ्या रेग्युलेटरविषयी

नेरुळ

ती. आई-बाबांना सा. न.

येत्या शुक्रवारी मी स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन समुद्रात बुडी मारायला, मालवणला निघते आहे आणि पैसेही भरून झाले आहेत. फोनवर सांगितले असते, तर आई रडली असती आणि बाबा नुसतेच ‘बरं’ म्हणाले असते. मला त्या ‘बरं’ची जास्त धास्ती वाटते. गणपतीपुळ्याची ती दुपार मीही विसरलेली नाही. म्हणूनच गेल्या वर्षीचा स्कूबाचा कोर्स मी ऑफिसच्या सहलीच्या नावाखाली उरकला. त्या खोटेपणाबद्दल मला माफ करा.

पाण्याखाली मी एकटी नसते. प्रत्येकाबरोबर एक ‘बडी’, म्हणजे जोडीदार असतो. माझी जोडीदार म्हणजे संक्रांतीला घरी आलेली, आईने जिला तीनदा वाढले ती उंच मुलगी. उतरण्याआधी आम्ही एकमेकींचे जॅकेट, वजनाचे पट्टे, बकल आणि हवा तपासून घेतो. तिच्याजवळ स्वतःच्या रेग्युलेटरखेरीज, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाने घ्यायच्या साधनाखेरीज, एक जादा पिवळा रेग्युलेटर असतो आणि तो माझ्यासाठी असतो. माझी हवा संपलीच, तर मी गळ्यावरून आडवा हात फिरवायचा, तिने तो मला द्यायचा आणि एकमेकींना घट्ट धरून आम्ही वर यायचे, तेही मिनिटाला 9 मीटरपेक्षा वेगाने नाही. मुळात ती वेळ येऊ नये म्हणून, सिलिंडरमधल्या हवेचा दाब सुमारे 200 बारवरून 50 वर येण्याआधीच आम्ही वर पोहोचतो. ताटातूट झाली, तर मिनिटभर शोधायचे आणि दोघींनीही वर यायचे, हेही आधीच ठरलेले असते.

बाबा, तुम्ही मामाच्या विहिरीत मला श्वास रोखून बुडी मारायला शिकवलेत. इथे मात्र पहिला नियम श्वास कधीही न रोखण्याचा आहे, कारण 10 मीटरवर दाब दुप्पट असतो आणि वर येताना कोंडलेली हवा फुप्फुसात फुगत जाते. ती सवय मोडताना शिक्षकांनी मला पुष्कळ बोलणी ऐकवली.

एक गोष्ट लपवत नाही. तारकर्लीला एकदा माझ्या मास्कमध्ये पाणी शिरले, काही दिसेना आणि मी हातपाय झाडू लागले. तिने माझ्या जॅकेटचा पट्टा धरला आणि मी मास्कची वरची कड दाबून, नाकाने श्वास सोडून पाणी बाहेर काढीपर्यंत तो सोडला नाही. त्या वेळी मला तलावपाळीच्या गर्दीत मुठीत धरलेले बाबांच्या सदऱ्याचे टोक आठवले.

माझ्या जेवणाची काळजी नको. खाणावळ घरगुती आहे आणि थर्मासही बरोबर आहे. आई, आठवड्याच्या गोळ्या डब्यात वारांप्रमाणे लावल्या आहेत, त्या चुकवायच्या नाहीत आणि गुडघा दुखत असताना जिना चढायचा नाही. संध्याकाळी फिरायला दोघांनी बरोबरीने चालावे. बाबा तरातरा पुढे जातात आणि तू कोपिनेश्वराच्या दाराशी त्यांना शोधत उभी राहतेस, हे मला मुळीच पसंत नाही. बाबांना मी रागावत नाही, फक्त सांगते आहे.

रविवारी दुपारी पाण्याबाहेर येताच फोन करीन. रात्री कुडाळहून निघणारी गाडी ठाण्याला थांबते, त्यामुळे सोमवारी सकाळी आधी तुमच्याकडेच येईन. जे बोलायचे ते तेव्हा बोला. चहा मात्र आधी द्या.

तुमची,
छकुली