माझ्या भावाचं रक्त सध्या कुठे आहे, साहेब?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमच्या गावात (जिल्हा सोलापूर) घरफोडी झाली. पहाटे पोलिसांची गाडी नेहमीप्रमाणे पारध्यांच्या वस्तीवर आली आणि माझ्या धाकट्या भावाला घेऊन गेली. तो गवंड्याच्या हाताखाली काम करतो. दिवसभर बसवून ठेवलं, रक्त काढलं, रात्री हाकलून दिलं. अटक दाखवली नाही, दंडाधिकाऱ्यांचा आदेश नाही. कोऱ्या कागदावर अंगठा मात्र घेतला. पोरगा बारावी पास आहे साहेब, सही येते त्याला! रक्ताची नळी हवालदारांनी शर्टाच्या खिशात टाकली, तंबाखूच्या पुडीशेजारी. ना सील, ना चिठ्ठी.

पुढे चोर सापडला. घरमालकाचाच ड्रायव्हर. त्याच्या भावाचं रक्त कुणी काढलं नाही.

पोलिसांनी घेतलेले ठसे आणि नमुने यांच्यासाठीचा २०२२ चा फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायदा म्हणतो, नोंदी ७५ वर्षं ठेवा. पण पूर्वी शिक्षा नसलेला माणूस खटल्याविना सुटला तर नष्ट करा. छान. पण अटकच कागदावर नाही, तर सुटका कुठून असणार आणि नष्ट तरी काय करणार? डीएनएसाठी वेगळा कायदा करतो म्हणून केंद्र सरकारने २०१९ मध्ये विधेयक आणलं, त्यात प्रयोगशाळांवर देखरेखीला नियामक मंडळ होतं. २०२३ मध्ये ते गुपचूप मागे घेतलं. रक्त घेणं काही थांबलं नाही.

डीएनएमुळे निरपराध सुटतात, हे मलाही कळतं. म्हणून तर नळी खिशात नको. दिल्लीच्या छावला बलात्कार-खून प्रकरणात फाशीची शिक्षा झालेले तिघे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडले. नमुने कित्येक दिवस पोलिसांच्या मालखान्यात (जप्त वस्तूंच्या कोठारात) पडून होते. आणि भावाचं रक्त एकट्याचं नसतं. त्यात मी आहे, आई आहे, उद्या माझी मुलगी सापडेल. आम्हाला विचारलं कुणी?

माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना इंग्रजांनी कोंडलेल्या वसाहतीत, तारेच्या कुंपणात जन्मले. १८७१ पासूनचा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ ला गेला म्हणतात. आमच्याकडे कुणी कळवायला आलं नाही. तेव्हा पोलिसांकडे रोजची हजेरी होती, आता प्रयोगशाळा आहे, प्रगतीच म्हणायची. बँका बुडवणाऱ्या शेठजींची लाळ कधी कापसाच्या बोळ्यावर घेतलीत का हो? त्यांना खुर्ची, चहा आणि वकील. आम्ही जन्मतःच संशयित.

नमुना कुठे आहे, कुणाच्या सहीने गेला आणि कधी नष्ट करणार, हे लेखी कळवा. नाहीतर माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपयांचा स्टॅम्प लावून ठेवलाच आहे. त्यावर सही भावाचीच असेल.

आपला,
एक पारधी शिक्षक