२३ ऑक्टोबर : वाडियांची जयंती (येताना टॉवेल आणा)

सर्व सभासदांना आठवण,

२३ ऑक्टोबरला भूवैज्ञानिक दाराशा नौशेरवान वाडिया यांची जयंती. संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्याच खोलीत जमायचं आहे. मागच्या वेळी सुरू व्हायला पावणेसात वाजले होते. यंदा तसं नको.

वाडिया जन्माने सुरतचे, शिकले बडोद्याला. १९०७ पासून १४ वर्षं त्यांनी जम्मूच्या कॉलेजात भूविज्ञान शिकवलं. सुट्टी लागली की हातोडी घेऊन आसपासच्या टेकड्या. भारताच्या भूविज्ञानावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक १९१९ साली निघालं, तेही तिथे मास्तरकी करतानाच. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात गेले ते १९२१ साली. आपण त्यांचं नाव घेतो ते संशोधक म्हणूनच, शिक्षक म्हणून नाही, ही माझी जुनी तक्रार. म्हणून यंदा भाषणं कमी, वर्ग जास्त.

टॉवेल कशाला? हिमालयाच्या पश्चिम टोकाला, नंगा पर्वताजवळ, डोंगररांगा एकदम वळतात. भारतीय द्वीपकल्पाच्या जुन्या, कठीण खडकाचं एक टोक आत घुसलंय आणि रांगा त्याभोवती वळल्यात, असं वाडियांनी १९३१ साली मांडलं. टेबलावर मूठ घट्ट ठेवायची आणि पसरलेला टॉवेल तिच्यावर ढकलायचा. घड्या मुठीला वळसा घालतात. पातळ टॉवेल आणा, जाड्याला नीट घड्या पडत नाहीत.

नमुने आणायचे तर गाळाचे खडक आणा. झिओलाइट (काळ्या कातळाच्या पोकळ्यांत सापडणारे स्फटिक) कृपया घरीच ठेवा, सगळ्यांचे पाहून झालेत. चहा आहे, कप आपापले. येणाऱ्यांनी २१ तारखेपर्यंत कळवावं.