शुभाला पत्र

कोलंबिया, साउथ कॅरोलिना

प्रिय शुभा,

तुझं पत्र वाचलं. कॉलेजने मुलींची बास्केटबॉल टीम सांभाळायला बोलावलं म्हणून मी खूश होतेय न होतेय, तोच खाली तुझी नकारघंटा. गुडघा, घर, सासूबाईंचं आजारपण, हे सगळं मला कळतं. पण ‘मी खेळणारी बाई, शिकवणं माझं काम नाही’ हे काही पटलं नाही बघ. साधारण हेच म्हणणारी एक बाई आमच्या गावात आहे. गेल्या वर्षी, म्हणजे 2025 च्या एप्रिलमध्ये, गावाने तिचा पुतळाही उभारला. डॉन स्टेली तिचं नाव. इथल्या विद्यापीठाच्या मुलींच्या टीमची ती कोच. तुला फोनवर दोन-चारदा सांगायचा प्रयत्न केला, पण तू मध्येच स्वयंपाकाचं विचारतेस. म्हणून आता लिहूनच काढते.

जन्म 1970 चा, उत्तर फिलाडेल्फियातल्या गरीब सरकारी वसाहतीतला. पाच भावंडांत शेंडेफळ. आई मूळची साउथ कॅरोलिनाचीच, लहानपणी उत्तरेकडे गेलेली. आपण नागपुरात पोरांचा खेळ संपायची वाट बघत पायरीवर बसायचो ना, तशी ही बसली नाही. थेट पोरांत घुसून खेळली. उंची अवघी पाच फूट सहा इंच, बास्केटबॉलमध्ये बुटकीच म्हणायची. म्हणून झाली पॉइंट गार्ड, चेंडू हातात ठेवून सगळ्यांचा खेळ चालवणारी. तुझीच जागा! व्हर्जिनिया विद्यापीठात असताना ती मनगटाला रबरबँड घालायची आणि चुकीचा पास जाऊन चेंडू गमावला की ताणून स्वतःलाच फटका द्यायची. तू नखं खायचीस, त्यापेक्षा हे बरं.

चार वर्षांत टीम सलग तीनदा ‘फायनल फोर’ला, म्हणजे देशातल्या शेवटच्या चारांत पोचली, जेतेपद मात्र एकदाही नाही. 1991 चा अंतिम सामना टेनेसी विद्यापीठाविरुद्ध होता. समोर त्यांच्या पॅट समिट, त्या काळच्या सगळ्यात दरारा असलेल्या कोच. या समिटबाईंचा किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. आदल्या वर्षी व्हर्जिनियाने त्यांच्या टीमला हरवून बाहेर काढलं होतं. पुढे सप्टेंबरात नऊ महिन्यांच्या पोटुशी बाई एका खेळाडूला आपल्याकडे ओढायला विमानाने पेनसिल्व्हेनियाला गेल्या आणि तिथेच कळा सुरू झाल्या. परतीच्या वाटेवर वैमानिक म्हणाले, व्हर्जिनियात उतरू या. बाई ठाम, माझं मूल व्हर्जिनियात जन्मणार नाही! शेवटी टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला पोचूनच बाळंत झाल्या. अशा बाईसमोर डॉनने 28 गुण केले, सामना जादा वेळेत गेला आणि व्हर्जिनिया 70-67 ने हरली. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू म्हणून हरलेल्या डॉनचंच नाव पुकारलं गेलं. त्या बक्षिसाचं तिने काय करायचं, सांग.

1992 च्या ऑलिंपिक संघातही तिला घेतलं नाही. आंतरराष्ट्रीय अनुभव नाही म्हणे. मग गेली फ्रान्स, इटली, स्पेन, ब्राझील असं परदेशात खेळायला. पुढे 1996, 2000 आणि 2004, तिन्ही वेळा सुवर्णपदक. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनाला अमेरिकेचा झेंडा तिच्याच हातात होता.

आता तुझ्या मुद्द्यावर येते. 2000 साली फिलाडेल्फियातल्या टेंपल विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनी तिला कोच हो म्हणून गळ घातली. तिने सरळ नाही म्हटलं. वय तिशीचं, अंगात खेळ भरपूर, ऑलिंपिक तोंडावर. त्यावर त्यांनी तिची स्तुती केली नाही की पगाराचं आमिष दाखवलं नाही. ही पडलेली टीम तुला उभी करता येईल का, एवढंच विचारलं. आव्हान दिलं की पॉइंट गार्ड मागे हटत नाही हे त्यांना ठाऊक असावं. (तुझ्या प्राचार्यांना हे जमलेलं दिसत नाही.)

शिवाय तिने खेळ सोडला नाही. हिवाळ्यात टेंपलची कोच, उन्हाळ्यात व्यावसायिक लीगमध्ये आधी शार्लट आणि मग ह्यूस्टनकडून खेळाडू, असं 2006 पर्यंत चाललं. झेंडा हातात घेतला तेव्हाही ती टेंपलची कोच होतीच. आठ मोसमांत 172 विजय आणि सहा वेळा राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश. मला वाटतं, खेळणं आणि शिकवणं ही दोन कामं आहेत असं तिच्या डोक्यात कधी आलंच नसेल. कोर्टवर कोणी कुठे उभं राहायचं, कोणाचा श्वास लागलाय, कोणाला आत्ता चेंडू दिला तर तिचा धीर वाढेल, हे पॉइंट गार्ड खेळतानाच बघत असते. आपल्या आंतरविद्यापीठ सामन्यात तू पोरींना ओरडून ओरडून जागेवर उभं करायचीस, ते काय होतं मग?

2008 मध्ये ती इथे आली. पहिल्या मोसमात 10 विजय आणि 18 पराभव. गावाला टीमचं काही पडलेलं नव्हतं. त्याच हॉलमध्ये आज तिकीट काढून जावं लागतं आणि प्रेक्षकांच्या सरासरीत ही टीम वर्षानुवर्षं देशात पहिली आहे. मी गेले होते, तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत काठी टेकत आलेल्या गोऱ्या आजीबाई होत्या, शेजारी काळ्या आजी, दोघींच्या अंगावर डाळिंबी रंगाचे सदरे, आणि रेफरीने शिट्टी वाजवली की दोघी मिळून त्याचा उद्धार करत होत्या. टीमचं चिन्ह झुंजीचा कोंबडा, त्यामुळे मधूनच भोंग्यावर आरवणं. आपल्याकडची जत्राच!

आणि हे तिने घरच्या पोरींना घेऊन केलं. एजा विल्सन ही इथलीच, गावाजवळच्या हॉपकिन्सची. देशभरातली कॉलेजं मागे लागली असताना 2014 साली ती डॉनकडे आली आणि 2017 मध्ये दोघींनी पहिलं राष्ट्रीय जेतेपद आणलं. खेळाडू म्हणून जे हुकलं ते असं मिळालं. नंतर 2022 आणि 2024.

मला सगळ्यात आवडतो तो 2023 चा पराभव. एकही सामना न हरता टीम उपांत्य फेरीत आली आणि आयोवा विद्यापीठाकडून हरली. त्या सामन्यात आयोवाच्या केटलिन क्लार्कने डॉनची पॉइंट गार्ड रेव्हन जॉन्सन हिला लांबून मोकळं सोडून दिलं, नुसता हात झटकला. मार खुशाल, तुझा कुठे लागतोय नेम, अशा थाटात. ती चित्रफीत देशभर फिरली. पोरीला खेळ सोडावासा वाटला. पुढच्या मोसमात आधीच्या पाचही मुख्य खेळाडू निघून गेलेल्या, पण रेव्हन राहिली. नवी टीम 38 सामने खेळली आणि 38 जिंकली. शेवटचा पुन्हा आयोवाशीच. हाफ टाइमला काही क्षण उरले असताना रेव्हनने क्लार्कच्या हातातला चेंडू हिसकावला आणि एकटी धावत जाऊन बास्केट केली. बाकी त्या दिवशी तिचे नेम चुकतच होते, तरी डॉनने तिला बसवलं नाही. बुटक्या पॉइंट गार्डलाच हे सुचावं.

जिंकल्यावर इथे शिडीवर चढून बास्केटची जाळी कापतात. कॅरोलिन पेक नावाच्या कोचने 1999 मध्ये पर्ड्यू विद्यापीठाला जिंकून दिलं; असं करणारी ती पहिली काळी स्त्री. तिने आपल्या जाळीचा तुकडा डॉनला दिला, तू जिंकलीस की परत कर म्हणून. डॉन जिंकली, तेव्हा एकीलाच तुकडा देणं तिला पुरेसं वाटेना. 2021 मध्ये तिने देशातल्या वरच्या श्रेणीच्या प्रत्येक काळ्या महिला मुख्य कोचला जाळीचा तुकडा पोस्टाने पाठवला.

पैशाच्या बाबतीतही ती गप्प बसली नाही. 2021 मध्ये सात वर्षांसाठी 2 कोटी 24 लाख डॉलरचा करार, आणि 2025 पासून वर्षाला सुमारे 40 लाख. मुलींच्या बास्केटबॉलमध्ये सर्वांत जास्त. पुरुषांच्या कोचइतकं मिळालं पाहिजे, हे ती उघड बोलते. तू मात्र ‘मानधन विचारायला संकोच वाटला’ असं लिहितेस. संकोच कसला? मुलांच्या टीमच्या सरांना किती देतात ते आधी विचार, तेवढंच माग आणि लेखी घे. चेंडू किती देणार, सामन्यांना जाताना गाडी मिळणार का, तेही त्याच कागदावर. सासूबाईंना माझा नमस्कार सांग. प्राचार्यांना काय उत्तर दिलंस ते लगेच कळव.

तुझी,
मीना