प्रश्न विचारून थांबायला हवे

महोदय,

मी तिसरीला शिकवते. परवा बर्फाच्या पाण्याचा स्टीलचा पेला टेबलावर ठेवून विचारलं, "हा बाहेरून ओला कसा झाला?" वर्ग गप्प. एरवी मीच उत्तर सांगून मोकळी झाले असते, या वेळी थांबले.

"पेला गळतोय," एक मुलगी म्हणाली.

"कशावरून?"

तिने पेला पुसला, पाण्यात कुंकू कालवलं. थेंब पुन्हा आले, पण लाल नव्हते! "मग आलं कुठून?" यावर अख्खा तास रंगला.

शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात आणि तीन सेकंद थांबलं की मुलं सविस्तर बोलतात, हे अमेरिकेत विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकातच दाखवलं. शाळा तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी किती धडे झाले याबरोबरच मुलांनी काय विचारलं, हेही कृपया विचारावं.

- एक प्राथमिक शिक्षिका, सातारा