चर्चेचा आलेख आणि तिकीटबारीचा हिशेब

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत समाजमाध्यमांवरील चर्चा आणि चित्रपटांची कमाई यांचा आलेख छापला जातो (त्यात प्रत्येक चित्रपट म्हणजे एक ठिपका), त्याविषयी लिहीत आहे. कल्पना उत्तमच आहे. असुर आणि ह्युबरमन या संशोधकांनी आपल्या २०१० च्या अभ्यासात अमेरिकेत प्रदर्शित झालेल्या २४ चित्रपटांविषयीची सुमारे २८ लाख ९० हजार ट्वीट तपासली होती, आणि प्रदर्शनाआधी दर तासाला होणाऱ्या ट्वीटवरून पहिल्या आठवडाअखेरच्या कमाईचा बराच नेमका अंदाज बांधता येतो, असे दाखवले होते. यात ‘प्रदर्शनाआधी’ हा शब्द कळीचा आहे. आपल्या आलेखात नंतरची चर्चाही मोजलेली दिसते. चित्रपट चालला की चर्चा वाढणारच, मग कशामुळे काय झाले हे कसे ठरवायचे?

दुसरे असे की, एखाद्या भव्य हिंदी चित्रपटाचा ठिपका वर टोकाला जातो आणि सारे मराठी चित्रपट खालच्या कोपऱ्यात एकमेकांवर चिकटतात. ‘आर’ या मोफत संगणकीय भाषेत दोन्ही अक्षांना लॉग प्रमाण (म्हणजे दर टप्प्याला आकडा ठरावीक पटीने वाढणारी मोजपट्टी) देणे हे दोन ओळींचे काम आहे, आणि तेवढ्याने ते ठिपके सुटे होऊन वाचता येतात.

मात्र मला खरी खंत आहे ती चर्चेच्या मानाने अपेक्षित कमाई दाखवणाऱ्या रेषेखाली पडलेल्या चित्रपटांना ‘प्रेक्षकांनी पाठ फिरवली’ असे म्हटले जाते याची. मराठवाड्यात कित्येक तालुक्यांच्या गावी आज चित्रपटगृहच नाही. तिथला तरुण ट्रेलर पुन्हापुन्हा पाहतो, रील मित्रांना पाठवतो, पण चित्रपट पाहायचा तर त्याला नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावे लागते आणि तिथेही मराठी चित्रपटाला अनेकदा दुपारचा एखादाच खेळ मिळतो. त्याने पाठ फिरवलेली नाही. त्याच्यापर्यंत पडदा पोहोचलेला नाही. म्हणून एकूण कमाईऐवजी दर खेळामागची कमाई घ्यावी, निदान ठिपक्याचा आकार तरी खेळांच्या संख्येनुसार ठेवावा.

कमाईचा आकडा करासह आहे की कर वजा जाता, आणि तो निर्मात्याने सांगितलेला आहे का, याचीही नोंद हवी. आलेखामागचा मूळ तक्ता आपण संकेतस्थळावर उपलब्ध करून दिलात, तर इथल्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना तोच आलेख ‘आर’मध्ये स्वतः काढून पडताळता येईल.

आपला,
संख्याशास्त्राचा एक शिक्षक, परभणी